ऑफिसमध्ये वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस ते साठ माणसांच्या ऑफिससाठी हे पान आहे. सीएचं ऑफिस, आर्किटेक्टचा स्टुडिओ, पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, छोटी सॉफ्टवेअर कंपनी. जिथे वेगळा आयटी विभाग नाही आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग तूच बघ’ म्हणून कुणा एकाच्या गळ्यात हे काम पडतं, त्या माणसाला समोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच ऑफिस धरलं आहे: व्यापारी संकुलातला तीन हजार चौरस फुटांचा मजला, चाळीस माणसं, पुढे रिसेप्शन, मधे मोकळा हॉल, कडेला काचेच्या तीन केबिन, एक कॉन्फरन्स रूम, मागे रेकॉर्ड रूम आणि पँट्री.

नेट कंपनीने दिलेल्या राउटरला वायफाय आहेच. मग अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळा कशाला?

कारण तो डबा चुकीच्या जागी असतो. फायबर जिथून आत येते तिथेच, म्हणजे डक्टजवळ, रिसेप्शनच्या टीव्हीमागे नाहीतर मीटरच्या पेटीशेजारी, कंपनीचा माणूस तो टांगून जातो. चाळीस माणसं बसतात मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय त्या एका डब्याला सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचे असतात, फायरवॉल सांभाळायची असते आणि वर वायफायही द्यायचं असतं. अ‍ॅक्सेस पॉइंटला, ज्याला यापुढे सगळे म्हणतात तसं एपीच म्हणू, एकच काम असतं: स्विचवरून (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात त्या डब्यावरून) आलेलं नेटवर्क हवेत सोडायचं. म्हणून तो माणसं बसतात तिथे, छतावर लावता येतो.

एपी चालू झाले की राउटरचं स्वतःचं वायफाय बंद करायचं. हे हमखास राहून जातं. मग अर्ध्या लोकांचे फोन जुन्या नावाला चिकटून राहतात आणि ‘एवढे पैसे घालून काय फरक पडला’ हे ऐकावं लागतं.

किती एपी लागतील?

‘हजार फुटांना एक’ असा नियम बरेच जण सांगतात. तो फक्त रेंजचा हिशेब आहे, माणसांचा नाही. एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या लहरींच्या एका पट्टीवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीची थांबतात. खोक्यावर ‘२५०हून जास्त युजर’ छापलेलं असतं, पण तेवढे जोडले जाऊ शकतात इतकाच त्याचा अर्थ. व्हिडिओ कॉल, क्लाउडवरचं टॅली आणि फाइल अपलोड हे सगळं चालू असलेलं ऑफिस असेल, तर एका एपीवर पंचवीस-तीस सक्रिय यंत्रं धरावीत.

चाळीस माणसं म्हणजे चाळीस यंत्रं नव्हेत. प्रत्येकाचा लॅपटॉप, प्रत्येकाचा फोन, दोन प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी, कॉन्फरन्स रूमचा टीव्ही, साहेबांचं टॅब. आकडा नव्वदच्या घरात जातो. आपल्या मजल्याला रेंजपुरते दोन एपी पुरतील, पण मी तीन लावेन: दोन हॉलमध्ये, एक कॉन्फरन्स रूम आणि मागच्या केबिनच्या मधे. सहा लावू नका. जास्त एपी म्हणजे जास्त चांगलं वायफाय असं नसतं. ते एकमेकांच्या चॅनेलवर ओरडत बसतात.

विकत घेण्याआधी एक एपी उसना मिळवा. घडवंची नाहीतर शिडी लावून, तात्पुरती केबल ओढून, तो नियोजित जागी छताला टेकवून धरा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि सगळी दारं लावून फिरा. अ‍ॅपमध्ये आकडा उणे येतो. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉल न तुटता चालायचा तर उणे ६७ किंवा त्याहून बरा हवा. उणे ७५च्या खाली फोनवर कांड्या दिसतात खऱ्या, पण काम होत नाही. प्रत्येक टेबलाशी थांबा आणि फोन हातात उंच न धरता टेबलावर ठेवा, लॅपटॉप जिथे असतो तिथे. आलेले आकडे मजल्याच्या नकाशावर पेन्सिलीने लिहा. एवढी एक तासाची मेहनत केली की जागांबद्दलचे वाद मिटतात.

एपी नेमके कुठे लावायचे?

छतावर, तोंड खाली. छताच्या एपीचा सिग्नल छत्रीसारखा चहूबाजूंनी खाली पसरतो. तोच भिंतीवर उभा लावला तर निम्मा सिग्नल वरच्या आणि खालच्या मजल्याच्या कामाला येतो. भिंतीवरच लावायचा असेल तर भिंतीसाठीचं मॉडेल घ्या.

फॉल्स सीलिंगच्या वर एपी लपवण्याचा आग्रह इंटिरियरवाले धरतात. जिप्समची पाटी असेल तर नुकसान थोडं होतं. पत्र्याच्या टाइल्स असतील किंवा वर एसीचा डक्ट असेल तर अजिबात ऐकू नका. डक्टच्या पोटात बसलेला एपी डक्टलाच वायफाय देतो.

कशातून सिग्नल किती जातो याचा साधारण अंदाज असा. प्लायवूड आणि जिप्समचं पार्टिशन बिनत्रासाचं. विटांची भिंत बऱ्यापैकी खाते. आरसीसीचा खांब, लिफ्टची विहीर आणि जिना जवळपास सगळं खातात. साधी काच काही करत नाही, पण ऊन अडवणारी चकचकीत फिल्म लावलेली काच धातूचा पातळ पडदाच असते. ‘साहेबांच्या केबिनमध्ये काचेचं पार्टिशन असूनही रेंज येत नाही’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा त्या फिल्ममध्ये सापडतं. रेकॉर्ड रूममध्ये लोखंडी कॉम्पॅक्टर असतील तर तिच्या पलीकडे सिग्नल पोहोचेल ही आशाच सोडा. पँट्रीतल्या मायक्रोवेव्हशेजारी एपी नको. तो २.४ गिगाहर्ट्‌झच्याच आसपास चालतो, म्हणून बरोब्बर जेवणाच्या सुट्टीत नेट मंदावतं.

आणखी एक: पॅसेजमध्ये ओळीने एपी लावायची पद्धत हॉटेलांतून आली आहे. तिथेही ती फारशी चांगली नाही. माणसं खोलीत बसतात, पॅसेजमध्ये नाही.

केबल कुठली घ्यावी? इलेक्ट्रिशियन म्हणतो ‘कॅट-६ आहे ना, मग झालं’.

नाही झालं. या अख्ख्या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वायफायच्या तक्रारी हवेत दिसतात, पण त्यांचं मूळ बऱ्याचदा वायरीत असतं. एपी उद्या बदलता येईल. फॉल्स सीलिंगमध्ये गाडलेली केबल बदलायची म्हणजे छत उघडावं लागेल.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, कॅट-६ नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक संपूर्ण तांब्याची. दुसरी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली, जिला दुकानात सीसीए म्हणतात. भावात बराच फरक असतो, म्हणून ठेकेदाराला मोह होतो. सीसीएचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट. एपीला वीजही याच केबलमधून जाते, त्यामुळे लांबच्या एपीला कमी वीज पोहोचते, वायर गरम होते आणि एपी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ. जॅकमध्ये पंच करताना किंवा वाकवताना तार आत तुटते.

ओळखायचं कसं? खोक्यातून वीतभर तुकडा कापा, आतली एक तार सोला आणि ब्लेडच्या धारेने तिचा पृष्ठभाग खरवडा. तांबं असेल तर कितीही खरवडलं तरी लालसरच राहील. सीसीए असेल तर दोन-तीन फटक्यांत पांढरट चमक दिसेल. ३०५ मीटरचं खोकं उचलूनही कळतं, कारण सीसीएचं खोकं संशय यावा इतकं हलकं असतं. ही परीक्षा केबल छतात जाण्याआधी, ठेकेदारासमोर करा. बिलावर ‘शुद्ध तांबे’ असं लिहून घ्या.

स्विचपासून एपीपर्यंत पॅच कॉर्डसकट १०० मीटरच्या आत राहा. कॅट-६ त्या अंतरात एक गिगाबिट आरामात नेते. प्रत्येक एपीच्या जागी दोन केबल ओढून ठेवाव्यात असं माझं मत आहे. दुसऱ्या केबलचा खर्च थोडाच, मजुरी तीच. छताजवळ दोन-तीन मीटर जादा वेटोळं सोडा, म्हणजे एपी चार फूट सरकवायचा झाला तर नवी केबल लागणार नाही. दोन्ही टोकांना नंबर लिहा आणि दोन्ही टोकं एकाच रंगक्रमाने भरा. आपल्याकडे चालतो तो क्रम ‘बी’: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. विजेच्या वायरी त्याच पाइपमधून न्यायच्या नाहीत. इलेक्ट्रिशियन ‘काही होत नाही हो’ म्हणेल. होतं.

पीओई म्हणजे काय? साधा अ‍ॅडॅप्टर चालणार नाही का?

चालेल, पण मग छतावर प्रत्येक एपीशेजारी प्लग पॉइंट काढावा लागेल. पीओईमध्ये नेटवर्कच्या केबलमधूनच वीज जाते. त्यासाठी पीओई स्विच लागतो. एकच एपी असेल तर इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारी छोटी पेटी, पुरतो.

इथे दोन जागी लोक अडकतात. पहिली म्हणजे प्रकार. ‘एएफ’ म्हणजे स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट, ‘एटी’ म्हणजे ३० वॉट, ‘बीटी’ म्हणजे ६० ते ९० वॉट. वायफाय ६ चे बरेच एपी एएफवर किंवा एटीवर चालतात. एटी मागणाऱ्या एपीला एएफ दिलं तर काही मॉडेल बंद राहण्याऐवजी एखादा रेडिओ कमी ताकदीवर टाकून गुपचूप चालू राहतात, आणि दोष शोधणं अवघड होतं. याशिवाय जुना २४ व्होल्टचा ‘पॅसिव्ह’ प्रकार असतो. तो यंत्राला न विचारताच वीज सोडतो. तो इंजेक्टर चुकून दुसऱ्या कशाला जोडू नका.

दुसरी म्हणजे एकूण बजेट. आठ पोर्टांच्या स्विचवर ‘पीओई ६५ वॉट’ लिहिलं असेल तर ते सगळ्या पोर्टांचं मिळून. तीन एपी प्रत्येकी १३ वॉट म्हणजे ३९. त्यात चार कॅमेरे प्रत्येकी ७ वॉट घातले की ६७. मग रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की एक पोर्ट बंद पडतो. दिवसा सगळं ठीक, म्हणून महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. हिशेबाच्या वर तीसेक टक्के मोकळं ठेवा.

स्विच आणि राउटर दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. पीओईचा फायदा तिथेच आहे: लाइट गेली तरी छतावरचे तिन्ही एपी चालू राहतात.

घरी जुना राउटर पडलाय. तो एपी म्हणून लावला तर?

पाच-सात माणसांच्या ऑफिसात चालेल. त्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा आणि मोकळे व्हा. नसेल तर आधी त्याचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि हा पत्ता मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीतून वगळा. मग याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. शेवटी स्विचकडून आलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये (बाहेरच्या नेटसाठीच्या पोर्टमध्ये) नाही. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर एका नेटवर्कवर दोघे पत्ते वाटू लागतात, आणि कुणाला नेट आहे, कुणाला नाही असा गोंधळ होतो. वॅनमध्ये केबल घातली तर त्या राउटरवरच्या लोकांना नेट मिळतं, पण ऑफिसचा प्रिंटर आणि सर्व्हर सापडत नाहीत.

रिपीटर किंवा मेश लावला तर केबलचा खर्च वाचेल ना?

खर्च वाचेल. रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मेशच्या, म्हणजे केबलऐवजी हवेतूनच एकमेकांना जोडलेल्या एपींच्या, चांगल्या संचांत मागच्या जोडणीसाठी वेगळा रेडिओ असतो, ते बरे. पण भाड्याची जागा आणि मालक ड्रिल मारू देत नाही, एवढी एकच अडचण मला मान्य आहे.

चॅनेल ‘ऑटो’वर ठेवावं की स्वतः निवडावं?

तीन एपी असतील तर स्वतः निवडा. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये भारतात १ ते १३ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. आपल्या तीन एपींना ही तीन. ‘३ नंबर रिकामा दिसतोय’ म्हणून तिथे गेलात तर १ आणि ६ अशा दोघांचाही त्रास सोसावा लागेल. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा.

खरं काम ५ गिगाहर्ट्‌झवर व्हायला हवं. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने हा पट्टा आपल्याकडे बराच मोकळा झाला, त्यामुळे चॅनेलांची टंचाई नाही. तरी ८० रुंदी सगळीकडे लावण्याचा मोह आवरा. संकुलात वर-खाली आणि शेजारी ऑफिसं असतात, त्यांचेही एपी असतात. ४० रुंदीवर स्पीड टेस्टचा आकडा कमी दिसेल, पण चाळीस माणसांचं काम जास्त सुरळीत चालेल. आपल्या मजल्यासाठी ३६, ४४ आणि १४९ पासून सुरू होणारी चॅनेल हा सोपा आरंभ आहे.

५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायची असतात. तिथे बसण्याआधी एपी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकतो, आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून पळतो. विमानतळाजवळ किंवा लष्करी भागाजवळ ऑफिस असेल तर ती टाळा. ‘मीटिंगमध्ये सगळ्यांचं नेट एकदमच गेलं आणि मिनिटभराने आलं’ असं ऐकलं की आधी एपीच्या लॉगमध्ये रडारची नोंद शोधायची.

ट्रान्समिट पॉवर फुल ठेवली तर रेंज वाढेल ना?

एपीची वाढेल, फोनची नाही. संभाषण दोन्ही बाजूंनी असतं. एपीचा आवाज रेकॉर्ड रूमपलीकडे ऐकू येतो, पण तिथून फोनचं उत्तर एपीपर्यंत पोहोचत नाही. मग ‘फुल कांड्या आहेत पण पान उघडत नाही’.

दुसरा तोटा आणखी मोठा. पॉवर फुल असली की रिसेप्शनजवळ जोडलेला फोन कॉन्फरन्स रूममध्ये गेल्यावरही जुन्याच एपीला धरून राहतो, कारण त्याला तो अजून बरा ऐकू येतो. कुठला एपी सोडायचा आणि कधी सोडायचा हे फोन ठरवतो, एपी नाही. आयफोन उणे ७०च्या खाली गेल्यावरच नवा एपी शोधायला लागतो, मॅक लॅपटॉप तर उणे ७५पर्यंत वाट बघतो. म्हणून ५ गिगाहर्ट्‌झ मध्यम ठेवा आणि २.४ त्याहून सहा-एक डेसिबल खाली. प्रत्येक ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, तेव्हा सहा म्हणजे पावपट. आकडा भीतीदायक वाटतो, पण चालून बघा, फरक चांगलाच पडतो.

कंट्रोलरमध्ये (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा डब्यात) पॉवरच्या सेटिंगच्याच पानावर ‘किमान डेटा रेट’ असतो. १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करून १२पासून सुरुवात करा. फार जुना बारकोड स्कॅनर असेल तर तेवढा तपासून घ्या.

तिन्ही एपींना वेगळी नावं द्यावीत का? ‘ऑफिस-१’, ‘ऑफिस-२’?

नको. एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सुरक्षा प्रकार. तरच फोन एकावरून दुसऱ्यावर सरकतो. ‘के’ आणि ‘व्ही’ ही रोमिंगला मदत करणारी सेटिंगं चालू करा. ‘आर’ मात्र आधी दोन दिवस तपासून मगच, कारण काही जुने प्रिंटर आणि फोन त्यावर जोडलेच जात नाहीत. आणि नावांची जत्रा भरवू नका. प्रत्येक नावासाठी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी आहे’ अशी हाक देतो. तीन नावं पुरेत: स्टाफ, पाहुणे, यंत्रं.

पाहुण्यांना वायफाय द्यायचं, पण आमच्या फाइली त्यांना दिसता कामा नयेत. कसं करायचं?

व्हीलॅन करून, म्हणजे त्याच केबलवर एकमेकांपासून वेगळी आभासी नेटवर्कं करून. नुसतं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला तर दोन्ही नावांची माणसं शेवटी एकाच नेटवर्कवर येतात. क्लायंटच्या लॅपटॉपवरून तुमचा टॅलीचा सर्व्हर दिसतो, आणि हे कुणी बघेपर्यंत कळतही नाही.

आपल्या ऑफिससाठी मांडणी अशी करता येईल. व्हीलॅन १० स्टाफला, २० यंत्रांना, ३० पाहुण्यांना. एपी आणि स्विच यांचा स्वतःचा पत्ता व्हीलॅन १मध्ये. राउटरवर तिन्हींसाठी वेगवेगळी पत्त्यांची यादी आणि फायरवॉलचा नियम: ३०ला फक्त बाहेरचं इंटरनेट, १० आणि २०कडे जायला मनाई. स्विचच्या ज्या पोर्टांना एपी लागतात त्यांवर १ साधा ठेवायचा आणि १०, २०, ३० ‘टॅग’ करून, म्हणजे व्हीलॅनचा नंबर चिकटवून, सोडायचे. राउटरकडे जाणारा पोर्टही तसाच. हा शेवटचा पोर्ट विसरतात, आणि मग पाहुण्यांच्या नावाला फोन जोडला जातो पण पत्ताच मिळत नाही. यासाठी स्विच ‘मॅनेज्ड’, म्हणजे सेटिंग करता येणाऱ्या, प्रकारचा लागतो. साध्या स्विचवर हे जमणार नाही.

पाहुण्यांच्या नावावर ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू ठेवा, म्हणजे पाहुणे एकमेकांची यंत्रंही बघू शकणार नाहीत. तेच सेटिंग स्टाफच्या नावावर चालू झालं तर वायफायवरचे प्रिंटर आणि टीव्हीवर स्क्रीन टाकणं बंद पडेल. प्रिंटर २०मध्ये असेल तर १०मधून त्याच्याकडे जायला नियमाने वाट द्यावी लागते. शक्य असेल तिथे प्रिंटरला केबलच लावा आणि कायमचा पत्ता द्या.

पासवर्ड सगळ्यांना एकच असला तर काय बिघडतं? माणूस सोडून गेला की बदलू.

बदलत नाही कुणी. बदलायचा म्हणजे नव्वद यंत्रांवर नव्याने टाकायचा. माणूस जातो, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहतो, आणि खालच्या चहाच्या टपरीपर्यंत तुमची रेंज येत असते.

बरा मार्ग म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड, ज्याला सेटिंगमध्ये ‘एंटरप्राइझ’ म्हणतात. त्यासाठी हे युजरनेम-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर लागतो. विंडोज सर्व्हर असेल तर त्यातच ती सोय आहे, नसेल तर काही कंट्रोलर स्वतः ते काम करतात. मधला मार्गही आहे: नाव एकच, पण प्रत्येक माणसाला वेगळी किल्ली. माणूस गेला की तेवढी किल्ली पुसायची. बऱ्याच ब्रँडांत ही सोय डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा प्रकारावरच चालते, तेव्हा घेण्याआधी विचारा. बाकी ठिकाणी डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र ठेवा. डब्ल्यूईपी हा जुना सुरक्षा प्रकार २००१ पासूनच फुटलेला आहे. एखादं जुनं यंत्र तेवढंच मागत असेल तर यंत्र बदला. पासवर्ड न टाकता यंत्र जोडणारं डब्ल्यूपीएसचं बटण बंद.

नाव लपवलं आणि मॅक अ‍ॅड्रेसची यादी केली तर?

लपवलेलं नाव फुकटच्या अ‍ॅपने शोधता येतं. आणि अँड्रॉइड १०, आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरतात. यादी सांभाळण्यातच दिवस जाईल.

‘कनेक्टेड’ दाखवतं, पण नेट चालत नाही. कुठून सुरुवात करू?

फोन किंवा लॅपटॉपला पत्ता कुठला मिळालाय ते बघा. १६९.२५४ने सुरू होणारा असेल तर त्याला पत्ता मिळालेलाच नाही. व्हीलॅनचा टॅग सुटलेला असतो, नाहीतर पत्ते संपलेले असतात. नेहमीच्या एका नेटवर्कात २५४ पत्ते असतात, पण राउटरमध्ये कंपनीकडूनच १०० ते १९९ एवढीच यादी ठेवलेली असू शकते. त्यात बनावट मॅक बदलणाऱ्या फोनांनी एकेका माणसाचे दोन-तीन पत्ते अडवले, आणि पत्त्याची मुदत चोवीस तासांची असली, की दुपारी येणाऱ्याला काही उरत नाही. यादी वाढवा. मुदत स्टाफला आठ तास, पाहुण्यांना एक-दोन तास.

पत्ता बरोबर असेल तर केबल लावलेल्या कॉम्प्युटरवर नेट चालतंय का बघा. तिथेही नसेल तर एपीला हात लावू नका.

तीनशेची लाइन आहे, वायफायवर नेमकं नव्वदच्या आसपास अडकतं. एपी खराब आहे का?

हा आकडा फार बोलका आहे. ९० ते ९५वर रेषा मारल्यासारखा वेग अडकतो तेव्हा वाटेत कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर आलेली असते. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे सुटली की जोडणी तुटत नाही, मुकाट्याने शंभरवर येते. स्विचच्या त्या पोर्टाचा दिवा बघा. बहुतेक स्विचवर गिगाबिटचा आणि शंभरचा रंग वेगळा असतो. कंट्रोलरमध्येही एपीसमोर वेग लिहिलेला दिसतो. मग केबल टेस्टर लावा, दोन्ही टोकं पुन्हा भरा. एपी बदलून काहीही होणार नाही.

कंट्रोलर लागतोच का?

एका-दोन एपींना फोनवरचं अ‍ॅप पुरतं. तीनच्या पुढे एकेकावर जाऊन सेटिंग करणं कंटाळवाणं होतं आणि एकावर फरक राहून जातो. युनिफाय, ओमाडा, अरुबा इन्स्टंट ऑन, रुकस यांपैकी कुठलंही एक घर निवडा आणि स्विचही त्याच घराचा घ्या, म्हणजे व्हीलॅन एकाच पडद्यावर दिसतात. आधीच ठरवायचं ते एवढंच की वार्षिक लायसन्स आहे का. काही ब्रँडांत लायसन्स संपलं की एपी चालायचे थांबतात. कंट्रोलर स्वतः बंद पडला तर वायफाय सहसा चालूच राहतं, फक्त पाहुण्यांचं लॉगिन पान तिथून येत असेल तर ते अडेल.

पाहुण्यांना विनापासवर्ड उघडं वायफाय दिलं तर कायद्याने काही अडचण?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी आलेला ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं होतं. पोलिस पहिल्यांदा जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारी येतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. तेव्हा पाहुण्यांसाठी मोबाइल नंबरवर ओटीपी घेणारं पान लावा, किंवा रिसेप्शनवरून नाव लिहून एका दिवसाचं कूपन द्या. एपीचं घड्याळ वेळेच्या सर्व्हरशी जुळलेलं ठेवा. वेळ चुकलेला लॉग कुठल्याच उपयोगाचा नसतो.

वायफाय ७च घ्यावं का?

चाळीस माणसांना वायफाय ६ आज पुरून उरतं. वायफाय ७चा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्‌झवर आहे. सरकारने मे २०२५मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा लायसन्सशिवाय खुला करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. त्या रेडिओसाठी पैसे मोजणार असाल तर भारतातल्या मॉडेलमध्ये तो चालू आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. परदेशातून कुणी बॅगेत आणलेला एपी ऑफिसला लावू नका. देश बदलता येत नाही असं मॉडेल असेल तर चॅनेल चुकीची वापरेल.

समोरच्या गोदामातही वायफाय हवंय. मधे पन्नास मीटर अंगण आहे.

तांब्याची केबल उघड्यावरून ओढू नका, फायबर टाका. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर तांब्यातून येणारा झटका एपी, स्विच आणि कधी सर्व्हरही घेऊन जातो. फायबरमधून तो येत नाही. खड्डा खणणं शक्यच नसेल तर दोन इमारतींवर समोरासमोर पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ लावा, अर्थिंगसह. अंगणातला एपी आयपी ६७ दर्जाचा (धूळ-पाणी आत न घेणारा) हवा, आणि तो छज्ज्याखाली लावला तरी केबल यंत्रात शिरण्याआधी खाली वळसा देऊन वर न्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं, जॅकमध्ये उतरत नाही.

काम झाल्यावर ठेकेदाराकडून काय ताब्यात घ्यायचं?

शेवटचा हप्ता देण्याआधी: राउटर, स्विच आणि कंट्रोलर यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड, कंट्रोलरचं खातं ऑफिसच्या ई-मेलवर केलेलं, ठेकेदाराच्या नाही. मजल्याचा नकाशा, त्यावर प्रत्येक केबलचा नंबर आणि ती स्विचच्या कुठल्या पोर्टात जाते ते. प्रत्येक केबलचा टेस्ट रिपोर्ट. सेटिंगची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर. आणि त्यांनी गॅरंटीसाठी लावलेली स्टिकरं खरवडून पासवर्ड रीसेट करायची वेळ आलीच, तर शिडी कुठे ठेवली आहे हे शिपायाला आधीच विचारून ठेवा.